साडूने घेतलेलं माप

डॉक्टरने टेलर मास्तरांना फक्त चालायला सांगितलं होतं. सायकल हा मास्तरांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला उद्योग. तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून पाठ आखडलेली, जिना चढताना गुडघे वाजायला लागलेले, आणि हा माणूस म्हणतो काय, तर मला ती बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची रोड बाईक हवी. वय वर्षं चौपन्न. बायकोने आधी पोटभर हसून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं की नवरा हसत नाहीये.

झालं असं होतं की एक गिऱ्हाईक पँटची मोहरी बारीक करून घ्यायला आलं. मोहरी सायकलच्या चेनमध्ये अडकते म्हणाला. मास्तरांनी पँट काढून घेतली, त्याला ट्रायल रूममध्ये बसवलं आणि म्हणाले, "सायकल जरा बघू का?" बघतो म्हणून गेले ते चाळीस मिनिटांनी परत आले. तेवढा वेळ तो भला माणूस कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून आरशासमोर बसला होता. मास्तरांचा चेहरा असा फुलला होता की त्याला रागावताही येईना. बिचाऱ्याने विचारलं, "कशी वाटली?" मास्तर म्हणाले, "मी अकरा वर्षांत एवढं हसलो नव्हतो." आणि मोहरी शिवायला बसले.

अकरा वर्षं हा आकडा त्यांच्या तोंडून उगाच निघाला नव्हता. पण ते पुढे येईलच.

मास्तर सायकलच्या मोठ्या शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने कार्बनची फ्रेम पुढे केली. "एका बोटावर उचला काका." मास्तरांनी उचलली. नखाने टकटक वाजवली, कडा चाचपल्या, उलटी करून आत डोकावले. कोट हातात घेतला की आधी अस्तर बघायची सवय, ती काय जाते?

"ही उसवता येते का?" मास्तरांनी विचारलं.

विक्रेत्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"म्हणजे उद्या घट्ट झाली, कुठे ओढायला लागली, तर सोडवून पुन्हा जोडता येते का?"

"कार्बनमध्ये तसं नसतं काका. तडा गेला की टाकायची."

मास्तरांनी फ्रेम परत ठेवली. अॅल्युमिनियमचीही तीच कथा. एकदा वाकलं की वाकलं, सरळ करायला जाल तर मोडतं. "मग असं काहीच नाही का, की जे दुरुस्त होतं?" विक्रेता नाइलाजाने म्हणाला, "तसं फक्त पोलाद. सांधा तापवला की सुटतो, नळी बदलता येते. पण ते आम्ही ठेवत नाही. गोदामांच्या गल्लीत एक जण हाताने बनवतात. माणूस जरा तिरसट आहे."

"किती तिरसट आहे ते मला नका सांगू," मास्तर म्हणाले. "तो माझा साडू आहे."

आता अकरा वर्षांचं. साडू म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. एके काळी दोघांचं इतकं गूळपीठ होतं की बायका वैतागायच्या. संध्याकाळी साडू दुकानात येऊन कटिंगच्या टेबलावर बसायचा आणि दोघे मापांवर तासन् तास बोलायचे, हा कापडाच्या, तो नळ्यांच्या. मग साडूच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलाचा सूट शोरूममधून आला. बापाचा कोट तेवढा मास्तरांकडे टाकला. साडूच्या मनात काही नव्हतं, पोराचाच हट्ट होता. पण मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कोट शिवून झाला. लग्नाच्या दिवशी साडू पाहुण्यांचं स्वागत करायला माइकसमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरले, आणि कोट पाठीवर कॉलरपासून कमरेपर्यंत फाटला. आवाज माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला. व्हिडिओतही आहे. साडू तिथेच मास्तरांना म्हणाला, "माप नीट घेता येत नाही?" मास्तर म्हणाले, "तुम्हीच श्वास रोखून पोट आत घेतलं होतं, मी काय करू? टेपला जे दिसलं ते शिवलं." मग आवाज चढले. तुमच्या घरचं कोणी माझ्या दारात नको. आमच्याकडचं येतंय कोण! बहिणींनी आपापल्या नवऱ्याचा शब्द राखला, आणि आपण तो राखतोय हे नवऱ्याला रोज ऐकवलं.

सायकलच्या शोरूममधून मास्तर घरी आले तेव्हा बायको मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि सूप बाजूला ठेवलं.

"अहो, मला तुमच्या सायकलशी काही देणंघेणं नाही. पण भावोजींनी वर्कशॉप विकलंय. तीन महिन्यांनी ताई आणि ते कायमचे मुलाकडे चाललेत, पार त्या टोकाला. अकरा वर्षं आम्ही दोघी भाजीच्या दुकानात उभ्या राहून बोलतोय, पिशव्या हातात धरून. माझे खांदे भरून येतात. ती जायच्या आधी मला एकदा तिच्या घरात बसून बोलायचंय. खाली बसून. तुम्हाला फ्रेम हवी आहे ना? मग जा त्यांच्याकडे. आणि तिथे जाऊन भांडून आलात तर सायकल घेऊन तिकडेच राहा."

मास्तर दुसऱ्या दिवशी गेले. जाताना मुद्दाम आपली सगळ्यात ढगळ पँट घातली. स्वतःच शिवलेली, कडक इस्त्री केलेली, पुढे सुरीसारखी घडी. साडू माप घेणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि साडूपुढे म्हातारं दिसायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला नळ्यांचे जुडगे, मधे फ्रेम आवळून धरायचा लोखंडी साचा, कोपऱ्यात गॅसचे सिलिंडर. साडू पाठमोरा बसून पितळेने सांधा भरत होता. आणि अंगात तोच कोट. तोच! पाठ वरपासून खालपर्यंत उघडी, कडांचे दोरे लोंबताहेत, बाह्यांना ठिणग्यांची भोकं.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बायकोचा चेहरा आठवला. "काम चालू आहे वाटतं," ते म्हणाले.

साडूने ज्योत बंद केली, काळा चष्मा वर केला आणि पाच सेकंद बघितलं. "कोण, टेलर?" पूर्वी तो साडूभाऊ म्हणायचा.

"हो. तुम्ही अजून वेल्डिंगच करता का?"

"हे वेल्डिंग नाही. हे तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"आणि तो कोट अजून?"

"वापरतो ना. पाठीला हवा खेळती राहते. तेवढा एक गुण शिवणाऱ्याने ठेवलाय त्यात."

मास्तरांनी सांगितलं की फ्रेम हवी आहे, पोलादाची, स्वतःसाठी. साडू हसला नाही. एवढं एक त्याने चांगलं केलं. म्हणाला, "साचा विकायच्या आधी एक फ्रेम बसते आहे वेळेत. शेवटची. मला वाटलं होतं, कुणा चांगल्या माणसाची निघेल."

मग त्याने तीन नळ्या टेबलावर मांडल्या. मास्तरांनी एकेक उचलली, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कापड बघावं तशी बघितली. तिसरी हलकी लागली. "ही मधे पातळ आहे आणि टोकांना जाड," ते म्हणाले.

साडूच्या भुवया वर गेल्या. "हाताने कसं कळलं?"

"तोल वेगळा लागतो. आणि कोटाचंही तेच असतं की. खांद्याला, कॉलरला आतून कडक कापड लावायचं, पाठ मोकळी सोडायची. जिथे ओढ बसते तिथे भरायचं, बाकीचं हलकं ठेवायचं."

"बरोबर. सांध्याला ओढ बसते."

"मग हीच."

"टिकाऊ पाहिजे असेल तर ही पहिली घ्या, जड आहे."

"मला आता चाळीस वर्षं टिकवून काय करायचंय? हीच."

पाव तास दोघे भांडण विसरले. नळीचा घेर, सांध्याची नक्षी, रंग. मास्तरांना राखाडी हवा होता, साडू म्हणाला राखाडी रंग हा रंग नाही, तो आळस आहे. शेवटी गडद हिरवा ठरला. मग साडूला एकदम आठवलं आणि त्याने चेहरा पुन्हा घडी घातल्यासारखा केला. "माप," तो म्हणाला.

मास्तर भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि तीस वर्षं ज्या गोष्टीला हसत आले तीच त्यांनी केली. पोट आत ओढलं. छाती पुढे काढली. टाचा बोटभर उचलल्या, मोहऱ्या बुटांवर उतरलेल्या होत्या, कोण बघतंय! साडूने जाड पुठ्ठ्याची वही त्यांच्या दोन पायांमध्ये वरपर्यंत दाबून धरायला लावली, जमिनीपासून तिथपर्यंत माप घेतलं. हाताचं घेतलं, खांद्याचं घेतलं. मग म्हणाला, "गुडघे ताठ ठेवून वाका. बोटं कुठपर्यंत जातात बघू. त्यावरून हँडल किती खाली द्यायचं ते ठरतं."

मास्तरांची बोटं गेल्या दहा वर्षांत नडगीच्या खाली गेलेली नव्हती. त्यांनी ढगळ पँटच्या आत गुपचूप गुडघे वाकवले आणि बोटं जमिनीला टेकवली.

"अरे वा," साडू म्हणाला. वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

रस्त्यात मास्तरांना दरदरून घाम फुटला. कारण तोपर्यंत त्यांनी केलं काय ते त्यांना कळलं होतं. फ्रेम आता त्या माणसाच्या मापाची होणार होती जो भिंतीपाशी उभा होता: सडपातळ, दोन बोटं उंच, विशीतल्या पोरासारखा लवचिक. चौपन्न वर्षांचा आखडलेला शिंपी त्यावर बसणार होता. हँडल पार खाली, पाठ मोडणार. मग तक्रार करायची तर साडू म्हणणार, तुम्हीच पोट आत घेतलंत, टेपला दिसलं ते बनवलं. अक्षर न् अक्षर तेच! आणि भांडण कायमचं. ताई तिकडे, ही इकडे, दोघींच्या पिशव्या तशाच हातात.

खरं काय होतं ते सांगून टाकतो, मास्तर तेव्हा कुणालाच सांगणार नव्हते. गिऱ्हाईक माप देताना पोट आत घेतं हे शेंबडं पोरही सांगेल. हाडाचा शिंपी टेप वाचतो आणि गुपचूप दोन बोटं वाढवतो. मास्तरांनी आयुष्यभर सगळ्यांची वाढवली, ज्यांचं तोंड बघवत नाही त्यांचीही. फक्त साडूची वाढवली नाहीत. शोरूमचा सूट डोक्यात बसला होता, म्हणून श्वास रोखलेल्या मापाला बरोब्बर शिवून दिलं. फाटेल असं वाटलं नव्हतं. आवळेल, दिवसभर चुळबुळ करेल, एवढंच वाटलं होतं. एवढंच हवं होतं.

दहा आठवडे मास्तर रोज सकाळी अंथरुणाशेजारी उभे राहून वाकायचे. बोटं नडगीवर जिथल्या तिथे. पोट कमी करायला भात सोडला, तर मशीनवर डुलक्या यायला लागल्या, एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या. बायको म्हणायची, "सायकल चालवायची आहे की सर्कशीत जायचंय?" मास्तर ताकास तूर लागू देईनात. बायको मात्र रोज बोटांवर मोजायची, ताई जायला किती दिवस राहिले. नऊ राहिले तेव्हा निरोप आला की सायकल तयार आहे.

वर्कशॉप जवळजवळ रिकामं झालं होतं. खोकी बांधलेली, साचा गेलेला, जमिनीवर तो जिथे होता तिथे चौकोनी डाग. मधोमध हिरवी सायकल भिंतीला टेकवून उभी. सांध्यांवर पितळेची बारीक रेघ इतकी सारखी होती की मास्तरांना वाटलं, मशीनच्या टाक्यानेही अशी येत नाही. त्यांना ती इतकी आवडली की बसायचीच भीती वाटली.

"बसा," साडू म्हणाला. अंगात कोट होताच.

मास्तर बसले. हात पुढे केले आणि पाठ मोडायची वाट बघत राहिले. हात हँडलवर अलगद टेकले. पाठ जिथे थांबते तिथेच थांबली. पाय पुरे खाली गेले, गुडघा वाजला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पोट सैल सोडून बसले होते आणि पोटाला कुठे काही आडवं येत नव्हतं. अंगावर बेतलेला कपडा कसा बसतो ते मास्तर आयुष्यभर लोकांना सांगत आले. स्वतःच्या अंगावर बसलेला पहिल्यांदाच अनुभवत होते.

आत आले. उतरले. म्हणाले, "हे मी दिलेलं माप नाही."

साडूने खोक्यातून वही काढून पुढे केली. पानावर प्रत्येक मापापुढे दोन आकडे होते, एक खोडलेला, एक ठेवलेला. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: पोट आत. टाचा वर, बोटभर. आणि खाली: बोटं जमिनीला, म्हणे. इस्त्रीची घडी गुडघ्यापाशी मोडली. खरं, एक वीत वर. हँडल त्याप्रमाणे.

"तुमच्या पँटनेच सांगितलं," साडू म्हणाला. "इतकी कडक इस्त्री केलीत, गुडघा वाकला की दिसणारच."

मास्तरांनी पान पुन्हा वरपासून वाचलं.

"गिऱ्हाईक उभं कसं राहतं त्याला शिवायचं नाही, घरी कसं बसतं त्याला शिवायचं," साडू म्हणाला. "हे मला कुणी शिकवलं? तुमच्या टेबलावर बसून ऐकलंय मी, शंभर वेळा. सगळ्यांची दोन बोटं वाढवतो म्हणायचात. म्हणून तर बोलणं टाकलं. चुकून झालं असतं तर दुसऱ्याच दिवशी कोट घेऊन दुकानात आलो असतो, हसलो असतो. पण तुमची चूक होत नाही, हे मला माहीत होतं."

अकरा वर्षं त्यांना वाटत होतं की साडू त्यांना वाईट शिंपी समजतो. तो समजत होता त्याहून वाईट काहीतरी, आणि ते खरं होतं.

"मुद्दाम केलं," मास्तर म्हणाले. "त्या सुटावरून. चुकलं माझं, साडूभाऊ." एवढं बोलले आणि त्यांना रडू आलं. सायकलचं सीट धरून उभे राहून रडले. साडू तेवढा वेळ एका खोक्याची दोरी पुन्हा पुन्हा बांधत राहिला.

घर वर्कशॉपच्या मागेच होतं. मागच्या दारातून ताई चहाचे दोन कप घेऊन आली. मास्तरांना पाहून थबकली, नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा मास्तरांकडे. "तिला फोन करा," ती म्हणाली. "म्हणावं, घरी ये. पिशवी आणू नकोस." आणि कप खोक्यावर ठेवून वळली. चहा सांडला होता.

मास्तरांनी फोन केला. पलीकडून नुसता चप्पल शोधल्याचा आवाज आला.

मग त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि म्हणाले, "कोट काढा."

"कशाला?"

"शिवणींच्या आत दोन्ही बाजूंना कापड दुमडून ठेवलंय. सोडायला अर्धा तास लागतो. तेव्हाही अर्धाच तास लागला असता."

साडूने आतून कडा उलटून बघितली. कापड होतं. न धुतलेलं, ऊन न लागलेलं, पहिल्या दिवसाच्या रंगाचं. तो बराच वेळ ते अंगठ्याने चाचपत राहिला. मग कोट काढून दिला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, ती सायकल बघायला येतानाही गळ्यात होती, आणि त्याच्या पोटाभोवती घातली. साडूने सवयीने श्वास रोखला. छाती पुढे, पोट आत.

मास्तरांनी आकडा वाचला नाही. टेपची दोन टोकं सैल धरून उभे राहिले.

"घ्या ना माप," साडू गालांत हवा कोंडून म्हणाला.

"श्वास सोडा आधी. मला घाई नाही."

बाहेर गल्लीत मास्तरांच्या बायकोची हाक ऐकू आली, ताईचं उत्तर आलं, आणि मग दोघींपैकी कुणाचाच आवाज येईना. साडूने मोठा श्वास सोडला. पोट जिथे असतं तिथे आलं. मास्तरांनी आकडा वाचला, आणि वहीत लिहिताना त्यात दोन बोटं वाढवली.